न्यू ऑर्लिन्स १८६२ : डच कॉन्सलकडची चांदी, जनरल बटलर आणि परक्या व्यापाऱ्यांचे अडकलेले पैसे

जुनी_वही

अमेरिकन यादवी म्हटलं की गेटिसबर्ग, लिंकन आणि गुलामगिरी यावरच बोलणं होतं आणि ते बरोबरच आहे. पण मला बरेच दिवस एका बाजूच्या प्रकरणाने धरून ठेवलंय. लढाई दोघांची, शहर लष्कराच्या ताब्यात, आणि त्या शहरात तिसऱ्याच देशाच्या व्यापाऱ्याचा पैसा. तो लष्कराने अडकवला तर त्याने दाद कुणाकडे मागायची?

न्यू ऑर्लिन्स म्हणजे तेव्हा दक्षिणेतलं सगळ्यात मोठं शहर आणि कापूस-साखरेचं अवाढव्य बंदर. इंग्रज, फ्रेंच, ग्रीक, स्पॅनिश, जर्मन सगळ्यांच्या पेढ्या तिथे. एप्रिल १८६२च्या शेवटी उत्तरेच्या फॅरागटचं आरमार किल्ल्यांच्या तोफा चुकवत नदीतून वर आलं, शहर पडलं, आणि १ मेला जनरल बेंजामिन बटलर फौज घेऊन उतरला. हा मूळचा वकील आणि राजकारणी, पेशाने शिपाई नव्हे, त्यामुळे प्रत्येक गोष्टीला त्याच्याकडे युक्तिवाद तयार असायचा.

१० मेला त्याच्या माणसांनी डच कॉन्सल (परक्या शहरात आपल्या देशाचं, मुख्यतः व्यापाराचं काम बघणारा प्रतिनिधी) कुतुरिए याच्या ऑफिसवर पहारा बसवला. किल्ली मागितली, त्याने दिली नाही, मी नेदरलँड्सचा कॉन्सल आहे म्हणाला, तर त्याची अंगझडती घेऊन किल्ली काढून घेतली. तिजोरीत निघाली १६० पिंपं, प्रत्येकात ५,००० मेक्सिकन चांदीचे डॉलर, म्हणजे एकूण ८ लाख डॉलर. शिवाय ॲमस्टरडॅमच्या होप आणि कंपनी या सावकारी पेढीचे काही रोखे आणि कॉन्सलची कागदपत्रं. सगळं गाड्यांवर लादून सरकारी टांकसाळीत नेलं.

ही चांदी होती सिटिझन्स बँक ऑफ लुइझियानाची. बँकेचं म्हणणं असं की आमचे रोखे युरोपात होप कंपनीमार्फत विकले गेलेत, त्यावरचं व्याज द्यायचंय, नाकेबंदीमुळे हुंडी मिळत नाही, म्हणून नाणंच होप कंपनीच्या इथल्या एजंटकडे दिलं आणि त्याने सुरक्षित राहावं म्हणून कॉन्सलकडे ठेवलं. बटलरचं म्हणणं की हा सगळा बनाव आहे, शहर पडणार हे दिसल्यावर बंडखोरांचा पैसा परक्या झेंड्याखाली लपवला, उद्या याचीच शस्त्रं येतील.

शहरातल्या इतर देशांच्या कॉन्सलांनी दोनच दिवसांत मिळून निषेधाचं पत्र दिलं. वॉशिंग्टनमधले डच राजदूत रोस्ट फान लिम्बुर्ख यांनी परराष्ट्रमंत्री सेवर्डकडे तक्रार नेली. (अवांतर : या राजदूतांची बायको अमेरिकन, आधीचे परराष्ट्रमंत्री लुइस कॅस यांची मुलगी, म्हणजे वॉशिंग्टन त्यांना घरच्यासारखं माहीत.) जूनमध्ये सेवर्डने उत्तर दिलं ते मला या सगळ्या प्रकरणातलं सगळ्यात महत्त्वाचा कागद वाटतो. पैसा कुणाचा यावर तो काहीच ठरवत नाही. तो म्हणतो की कॉन्सलची विनाकारण आणि उद्धटपणे झडती घेतली, दफ्तराचे कागद उचलले, त्याला दुसऱ्या कॉन्सलशी बोलूसुद्धा दिलं नाही, आणि हे करताना लष्करी अधिकाऱ्यांनी परराष्ट्र खात्याचं काम स्वतःच्या हातात घेतलं, जे त्यांचं नव्हतंच.

मग चौकशीला मेरीलँडचे रेव्हर्डी जॉन्सन यांना पाठवलं, ते जुने ॲटर्नी जनरल. त्यांनी जुलैमध्ये तिथे जाऊन साक्षी घेतल्या, वह्या तपासल्या, आणि व्यवहार खरा आहे, चांदी परत द्या असा निकाल दिला. चांदी परत गेली.

माझं मत सरळ आहे. पैसा संशयास्पद असेल तर लष्कराने तो हलू देऊ नये, पहारा ठेवावा, इथवर ठीक. पण तो कुणाचा हे ठरवायचा अधिकार ज्याने जप्त केला त्याचाच असेल तर व्यापारी कुठल्याही देशाचा असो, त्याच्या पासपोर्टाला काही अर्थ उरत नाही. तुम्हाला काय वाटतं?

---

तात्याराव

धागा आवडला. पण बटलरला जरा न्याय द्या की.

एक गोष्ट तुम्ही लिहिली नाहीत ती लिहितो. सप्टेंबर १८६१मध्येच न्यू ऑर्लिन्सच्या बँकांनी ठेवीदारांना नाणं देणं बंद केलं होतं, रिचमंडच्या, म्हणजे दक्षिणेच्या फुटीर (कॉन्फेडरेट) सरकारच्या आग्रहावरून, आणि लोकांच्या हातात कॉन्फेडरेट कागदी नोटा दिल्या. म्हणजे ज्याने आपली कष्टाची बचत बँकेत ठेवली त्याला कागद, आणि ॲमस्टरडॅमच्या सावकाराला चांदीची पिंपं! शहर पडायच्या काही आठवडे आधी! बटलर जर म्हणाला की हे मला पटत नाही तर कुणालाही पटलं नसतं. नंतर १९ मेला त्याने बँकांना हुकूम काढला की ठेवीदारांना कॉन्फेडरेट नोटा खपवायच्या नाहीत. गरिबांच्या बाजूने बघितलं तर तो माणूस योग्य प्रश्न विचारत होता.

आणि कॉन्सल म्हणजे काही राजदूत नव्हे. बरेचसे कॉन्सल तिथलेच व्यापारी असायचे, फावल्या वेळात झेंडा लावायचे. अशा माणसाच्या तिजोरीवर देशाचा शिक्का मारला म्हणून तिथे हात लावायचा नाही, असं असेल तर युद्धात कुणीही काहीही लपवेल.

---

नीरजा

@तात्याराव, नोटांचा मुद्दा जबरदस्त आहे, मला माहीतच नव्हतं.

पण कॉन्सलबद्दल थोडं. राजदूताला जी पूर्ण सुरक्षा असते ती कॉन्सलला नसते हे खरं, त्याच्यावर खटला चालू शकतो, त्याची व्यापारी मालमत्ता तपासता येते. दफ्तर मात्र, म्हणजे कॉन्सुलेटचे कागद, ते कुणी हात लावायचे नसतात, हा तेव्हाही पाळला जाणारा नियम होता. सेवर्डने नेमकं तिथेच बोट ठेवलंय आणि त्याच पत्रात त्याने कॉन्सललाही सोडलेलं नाही, एवढी मोठी रक्कम अशा वेळी आपल्याकडे ठेवून घेण्यावर त्याने नापसंती दाखवलीय. म्हणजे दोन्ही बाजूंचं चुकलं असं तो म्हणतो, पण वागण्याची जबाबदारी आपल्या अधिकाऱ्यांवर टाकतो. मला हे प्रामाणिक वाटलं.

त्या वर्षाचा संदर्भही बघा ना. नोव्हेंबर १८६१मध्ये ट्रेंट या इंग्रज जहाजावरून दोन कॉन्फेडरेट राजदूतांना उतरवलं म्हणून इंग्लंडशी युद्ध व्हायची वेळ आली होती. मे १८६२मध्ये बटलरने बायकांबद्दलचा तो कुप्रसिद्ध हुकूम काढला, शिपायाचा अपमान करणाऱ्या बाईला धंदेवाली समजा म्हणून, आणि त्यावर इंग्लंडचा पंतप्रधान पामर्स्टन भडकला होता. फ्रेंच फौजा मेक्सिकोत उतरलेल्या. अशात अजून एका युरोपियन देशाला दुखवायचं म्हणजे दक्षिणेला मान्यता मिळायचा रस्ता आपल्याच हाताने मोकळा करायचा. सेवर्डला ८ लाख डॉलरपेक्षा ते जास्त जड वाटत असणार.

---

मेघना_स

सगळे पैसा कुणाचा, बँकेचा की होप कंपनीचा, यावर बोलताय. मला त्याच्या मागे जावंसं वाटतं.

सिटिझन्स बँक ऑफ लुइझियाना ही मळेवाल्यांची बँक. ते जमीन तारण ठेवायचे आणि जमिनीबरोबर माणसंही. २००५मध्ये जेपी मॉर्गन चेसने स्वतः जाहीर केलं की त्यांच्या दोन पूर्वज बँकांनी, सिटिझन्स बँक आणि कॅनाल बँक, १८३१ ते १८६५ या काळात सुमारे १३,००० गुलाम तारण म्हणून स्वीकारले होते आणि कर्जं बुडल्यावर त्यातले सुमारे १,२५० जण बँकांच्याच मालकीचे झाले. त्यांनी माफी मागितली आणि लुइझियानातल्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांसाठी ५० लाख डॉलरचा शिष्यवृत्ती निधी काढला.

आता बघा, युरोपात जे रोखे विकले गेले त्यांच्या पाठीशी हीच तारणं. म्हणजे ॲमस्टरडॅमला जाणारं व्याज शेवटी कुठून येत होतं? ऊस तोडणाऱ्या, कढया ढवळणाऱ्या माणसांच्या श्रमातून, आणि नुसत्या श्रमातून नाही, त्यांच्या देहाच्या किमतीतून. त्या पिंपांवर त्यांचा दावा कुणी लावला? इतके कॉन्सल, एक राजदूत, एक परराष्ट्रमंत्री, एक चौकशी अधिकारी, आणि एकाच्याही कागदात ते लोक नाहीत. आणि चौकशीला पाठवलेले रेव्हर्डी जॉन्सन म्हणजे ड्रेड स्कॉट या गुलामाने स्वातंत्र्यासाठी लावलेल्या खटल्यात मालकाच्या बाजूने उभे राहिलेले वकील. त्यांना हा प्रश्न पडणार नव्हताच.

मी बटलरची बाजू घेत नाहीये, त्यानेही त्या कारणाने चांदी धरली नव्हती. पण "परक्या व्यापाऱ्याचा निरपराध पैसा" हे शब्द मला इथे घशाखाली उतरत नाहीत.

---

जुनी_वही

मेघना, हे लिहिलंस ते फार बरं केलंस. २००५चं माहीत होतं पण मी ते या चांदीला जोडलं नव्हतं आणि ते जोडल्याशिवाय हे प्रकरण पुरं होत नाही.

तरी एक म्हणते. तू सांगतेस तो अन्याय बटलरच्या टांकसाळीत चांदी राहिली असती तरी मिटला नसता, ती फौजेच्या खर्चात गेली असती. म्हणून जप्ती योग्य होती असं त्यातून निघत नाही, आणि परत करणं पवित्र होतं असंही नाही. दोन्ही हिशेब वेगवेगळे मांडायला हवेत.

@तात्याराव, ठेवीदारांचा मुद्दा खरा आहे पण तो बँकेविरुद्धचा मुद्दा आहे. एका देणेकऱ्याने दुसऱ्याच्या आधी एका सावकाराचे पैसे चुकते केले तर त्याचा निवाडा कोर्टात होतो, पहारा बसवून नाही.

---

श्रीरंग_द

वाचतोय. साखरेचं पण काहीतरी प्रकरण होतं ना? कुणीतरी सविस्तर लिहा.

---

जुनी_वही

हो, आणि मला ते चांदीपेक्षा जास्त अवघड वाटतं.

इंग्रज, फ्रेंच आणि ग्रीक व्यापाऱ्यांच्या नावावरची ३,२०५ मोठी पिंपं साखर बटलरने अडवली. तिन्ही कॉन्सलांनी तक्रार केली. त्यातली एक पेढी कोवास आणि नेग्रोपोंटे, ग्रीक. बटलरचा आरोप असा की हे लोक लंडनवरच्या हुंड्या विकतात आणि बदल्यात कॉन्फेडरेट नोटा घेतात, मग त्या नोटांनी इथे कापूस-साखर घेतात. वरवर बघितलं तर हा साधा धंदा. पण त्या हुंडीचं काय होतं ते बघा, बंडखोर सरकारच्या हातात लंडनला चालणारा पैसा पडतो, आणि त्यावर बंदुका येतात. व्यापारी म्हणणार मी फक्त हुंडी विकली. बटलर म्हणणार तू त्यांच्या नोटांना किंमत दिलीस. मला दोघांचंही म्हणणं समजतं.

जॉन्सन यांनी साखरही सोडायला सांगितली. कारण काय तर त्या वेळी शहर कॉन्फेडरेट अमलाखाली होतं, तिथे चालणारं चलन तेच होतं, आणि परक्या माणसाने तिथल्या चलनात धंदा केला म्हणून तो शत्रू ठरत नाही. बटलर या सगळ्यावर प्रचंड चिडला होता, आपण शहर सांभाळतोय आणि वॉशिंग्टनहून वकील येऊन आपले निर्णय उलटवतोय असं त्याला वाटत होतं. डिसेंबर १८६२मध्ये त्याची बदली झाली आणि जनरल बँक्स आला. परक्या कॉन्सलांशी सतत चाललेली भांडणं हे त्यामागचं एक मोठं कारण मानलं जातं.

---

तात्याराव

चिडणारच की. आणि त्याचा संशय नेहमी खोटा ठरला असंही नाही. फ्रेंच कॉन्सल मेजाँकडेही असंच नाणं ठेवलं होतं, आणि कॉन्फेडरेट फौजेच्या गणवेशाच्या कापडाच्या सौद्याशी त्याचा संबंध असल्याचे कागद बटलरने पुढे आणले. पुढे फ्रान्सने मेजाँला परत बोलावून घेतलं. मग सांगा, कॉन्सलच्या तिजोरीवर विश्वास ठेवायचा का?

आणि ऑगस्टमधला ५५ नंबरचा हुकूम विसरू नका. शहराच्या संरक्षणासाठी बंडखोरांनी साडेबारा लाख डॉलरचं कर्ज उभं केलं होतं, त्यात ज्यांनी पैसे घातले त्यांच्यावर बटलरने पट्टी बसवली, आणि कापूस शहरात आणू नका असा सल्ला देणाऱ्या दलालांवरही. त्या यादीत परकी नावंही होती, लगेच निषेध सुरू. पण तो पैसा गेला कुठे? उपाशी लोकांना अन्न आणि रस्ते-गटारं साफ करणाऱ्यांची मजुरी. त्या उन्हाळ्यात पिवळ्या तापाची साथ आली नाही त्या शहरात. ज्यांनी लढाईला पैसे दिले त्यांच्याकडूनच भुकेल्यांसाठी पैसे घेतले, यात मला वाईट काही दिसत नाही. तटस्थ म्हणवणाऱ्याने शत्रूच्या तटबंदीला कर्ज द्यायचं नसतं.

---

कायदेकानू

चर्चा छान चालू आहे, कायद्याच्या बाजूने थोडं.

मूळ गोंधळ हा की "परका" कुणाला म्हणायचं. माणूस ब्रिटिश प्रजाजन आहे पण वीस वर्षं न्यू ऑर्लिन्समध्ये राहतोय, पेढी तिथेच, घर तिथेच. युद्धाच्या जुन्या कायद्यात त्याचं वास्तव्य बघतात, शत्रूच्या मुलखात राहून धंदा करणाऱ्याचा माल शत्रूचाच समजतात. मग त्याचा राजदूत मधे का पडतो? कारण नागरिकत्व सुटलेलं नाही. लष्कर वास्तव्य बघतं, वकिलात नागरिकत्व बघते, आणि दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात. असे वाद वर्षानुवर्षं चालतात ते यामुळेच.

बटलर होता तेव्हा अशा मालमत्तेबद्दल अमेरिकन फौजेकडे एकत्र लेखी संहिताच नव्हती. एप्रिल १८६३मध्ये लीबर संहिता आली, त्यात शत्रूसरकारचा पैसा जप्त करता येतो पण खाजगी मालमत्ता फक्त लष्करी गरजेपुरती घ्यायची आणि मालकाला पावती द्यायची असं स्पष्ट लिहिलं. पुढे १९०७च्या हेग नियमांत (युद्धाचे आंतरराष्ट्रीय नियम), कलम ५३, ताबा घेणाऱ्या फौजेला रोख रक्कम आणि रोखे घेता येतात ते फक्त जे निव्वळ सरकारच्या मालकीचे असतील ते. खाजगी बँकेतली खाजगी ठेव त्यात बसत नाही. आज कुतुरिएची केस उभी राहिली तर पहिला प्रश्न हाच येईल की बँक सरकारी की खाजगी.

अजून एक वाट होती. मार्च १८६३च्या कायद्याने पकडलेला आणि बेवारस माल, मुख्यतः कापूस, विकून पैसा सरकारी खजिन्यात ठेवायचा आणि युद्ध संपल्यापासून दोन वर्षांत निष्ठावान मालकाने कोर्ट ऑफ क्लेम्समध्ये (सरकारवरचे दावे ऐकणारं कोर्ट) दावा लावायचा. अट अशी की बंडाला कसलीही मदत केलेली नाही हे सिद्ध करा. परक्यांना हे कोर्ट उघडं आहे का यावर वाद झाला, तर ओकीफ खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की ब्रिटनमध्ये अमेरिकन माणूस राणीच्या सरकारवर दावा लावू शकतो, मग ब्रिटिश माणसाला इथे लावता आला पाहिजे.

आणि मग कार्लाईल खटला, १८७२. अलाबामात राहणारे दोन ब्रिटिश, कापूस जप्त होऊन विकला गेलेला, पैसा खजिन्यात. पण त्यांनी कॉन्फेडरेट सरकारला सोरा पुरवला होता, तोफेच्या दारूसाठीच तो. कोर्ट म्हणालं की परक्यानेही तो जिथे राहतो त्या देशाशी तेवढ्यापुरती निष्ठा ठेवायची असते, म्हणजे यांनी गुन्हा केलाच. पण अध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन यांनी १८६८च्या नाताळात सगळ्यांना सरसकट माफी दिली होती, आणि जो माफीला पात्र गुन्हा करू शकतो तो माफीही मिळवू शकतो. पैसे परत!

---

श्रीरंग_द

कार्लाईलचं वाचून थक्क झालो. म्हणजे दारूगोळ्याला माल पुरवणाऱ्याला पैसे मिळाले. मग ज्यांनी काहीच केलं नाही, नुसताच माल अडकला, त्या सगळ्यांना तरी मिळाले का?

---

जुनी_वही

नाही, बहुतेकांना नाही.

१८७१चा वॉशिंग्टन करार अलाबामा या ब्रिटनमध्ये बांधलेल्या कॉन्फेडरेट लढाऊ जहाजाने केलेल्या नुकसानीच्या भरपाईसाठी सगळ्यांना माहीत असतो, १ कोटी ५५ लाख डॉलर ब्रिटनने अमेरिकेला दिले ते. पण त्याच कराराच्या बाराव्या कलमाने दुसरा एक आयोग नेमला, युद्धकाळातल्या एकमेकांच्या नागरिकांच्या दाव्यांसाठी. एक ब्रिटिश, एक अमेरिकन आणि तिसरे इटलीचे काउंट कोर्ती. ब्रिटिश प्रजाजनांचे ४७८ दावे आले. सप्टेंबर १८७३मध्ये काम संपलं तेव्हा एकूण मंजूर रक्कम १९,२९,८१९ डॉलर, म्हणजे मागितलेल्याचा अगदी छोटा तुकडा. अमेरिकनांचे १९ दावे होते, मुख्यतः कॅनडातून व्हरमाँटमधल्या सेंट ऑल्बन्स गावावर पडलेल्या धाडीबद्दलचे, ते सगळे फेटाळले.

लढाईच्या धुमश्चक्रीत जळालेल्या मालाला भरपाई नाही, कॉन्फेडरेट कर्जरोख्यांना तर अजिबात नाही, ते घटनेच्या चौदाव्या दुरुस्तीनेच रद्दबातल झाले होते. ज्याच्याकडे अधिकाऱ्याने दिलेली पावती होती, तारीख होती, मालाचं वजन होतं, तो टिकला. ज्याचा माल नुसताच उचलून नेला त्याला साक्षीदार गोळा करत बसावं लागलं, आणि दहा वर्षांनी कुठले साक्षीदार सापडतात. म्हणून @तात्याराव, मला बटलरचा हेतू कितीही समजला तरी पद्धतीबद्दल मी हटत नाही. होप कंपनीसाठी राजदूत धावला कारण ती होप कंपनी होती. छोट्या पेढीवाल्याला फक्त कागद वाचवतो.

---

मेघना_स

आणि ज्यांच्याकडे कागदही नव्हता, नावही बँकेच्या वहीत तारणाच्या रकान्यात होतं, त्यांच्यासाठी आयोग नेमला गेला नाही. हे तुझ्याच मुद्द्याचं पुढचं टोक आहे असं मला वाटतं.

---

तात्याराव

@मेघना_स, पूर्ण सहमत.

@जुनी_वही, पावतीचा मुद्दा मान्य, पट्टीचा मुद्दा माझा मी सोडत नाही :) तटबंदीला कर्ज दिलेल्या परक्याला मी अजूनही तटस्थ म्हणणार नाही. फ्रेंच लोकांचं काय झालं मग? ते तर न्यू ऑर्लिन्समध्ये सगळ्यात जास्त असणार.

---

जुनी_वही

त्यांना अजून थांबावं लागलं. जानेवारी १८८०मध्ये फ्रान्स आणि अमेरिकेत करार झाला, तीन जणांचा आयोग बसला, तिसरे सदस्य ब्राझीलचे. ७२६ फ्रेंच दावे, त्यातले पुष्कळ लुइझियानाचे, आणि शेवटी सगळे मिळून सव्वासहा लाख डॉलरच्या आसपास मंजूर. १८६२चा माल आणि १८८०नंतर निकाल, तोवर कितीतरी दावेदार गेले, वारसांनी दावे चालवले. तिथेही तोच प्रश्न आधी सुटायचा, हा माणूस अजून फ्रेंच आहे का, की इथलाच झालाय.

पट्टीवर आपण भांडत राहू. कापसाचा भाग इथे फारच थोडक्यात आला, खजिन्यात कोट्यवधी डॉलर जमा झाले होते त्या विक्रीतून. त्यावर वेगळा धागा काढते, @कायदेकानू तुम्ही तिथे कोर्ट ऑफ क्लेम्सबद्दल अजून लिहा, विशेषतः निष्ठा सिद्ध करायला नेमके कसले पुरावे मागायचे ते.